भोंगेवाले ॲडमिन

निसारचाचा मोबाइलवर बोललेला निरोप पाठवायच्या आधी फोनवर फुंकर मारायचे. एकदा नाही, दोनदा. मग "हलो, हलो" म्हणायचे, घसा खाकरायचे आणि मगच बोलायला लागायचे. ग्रुपवर नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, मारेगावात वादळ सुटलंय. वादळ ओसरलं की चाचांचा भारदस्त आवाज यायचा, "आज मारेगावात पानी नाही. ज्याच्या वावरात पडून राह्यला असन त्यानं सांगावं, मी पाह्याले येतो." आणि ते खरंच जायचे. मोटारसायकलवर बसून, पाऊस पाहायला.

मी एकदा म्हटलं, "चाचा, मोबाइलले फुंकर नाही लागत." तर म्हणाले, "मोबाइलले कुठं मारतो बेटा? बोलाच्या आधी माणसानं जराक थांबाव. मी रिकामा थांबत नाही, फुंकर मारतो." मीही नाद सोडला.

आमचं गाव मारेगावपासून जवळ. शाळा मारेगावला होती आणि शाळेच्या रस्त्यावर चाचांची रिक्षा उभी असायची, टपावर भोंगा बांधलेली. तंबूतला सिनेमा, पोलिओचा डोस, हरवलेली बकरी, निवडणुकीतला प्रत्येक पक्ष आणि कोणाच्याही घरची मयत, हे सगळं आम्हाला चाचांच्याच आवाजात कळायचं. दाढीला मेंदी, डोक्यावर जाळीची टोपी आणि खिशाला दोन पेनं, ज्यातलं एकही चालत नसे. आम्ही पोरं त्यांच्या रिक्षामागे पळायचो आणि त्यांच्याच सुरात खोट्या घोषणा द्यायचो. ते रागवायचे नाहीत. "खबर खोटी असन तं आवाज तरी चांगला काढा," एवढंच म्हणायचे.

खोट्या खबरीचा धडा ते स्वतःच शिकले होते, आणि तो किस्सा स्वतःच रंगवून सांगायचे. तरुणपणी कोणीतरी येऊन सांगितलं, उद्याचा आठवडी बाजार बंद आहे. चाचांनी लगेच भोंगा लावला आणि चार गावं फिरून आले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाया आपापल्या टोपल्या घेऊन बसल्या, गिऱ्हाईक मात्र एकही फिरकलं नाही. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं उन्हात सुकलं. "त्या बायायनं मले जे झोडपलं ना बेटा, तोंडानंच झोडपलं, पण आजवर आंग दुखते," असं सांगून चाचा खरोखरच खांदा चोळायचे. तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घातला. आपल्या भोंग्यातून जे जाईल ते आधी आपल्या डोळ्यांनी पाहून यायचं. मयत असली तर त्या घरी जायचं, घरच्या माणसाने "लावा" म्हटलं तरच लावायचं. घोषणेला उशीर झाला म्हणून पुढाऱ्यांच्याही शिव्या त्यांनी खाल्ल्या, पण नियम मोडला नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी वळवळताना दिसे. कोणी म्हणे हे मारा, कोणी म्हणे ते मारा. जो तो दुसऱ्याला विचारत होता आणि विचारायला हातात मोबाइल होता. ग्रुप उगवले. मी तेव्हा नाशिकला शाळेत शिकवत होते. गावी आई आणि माझा धाकटा भाऊ प्रवीण. प्रवीण फोनवर "हं", "नाही" आणि "ठेवतो" या तीन शब्दांच्या पुढे जात नाही, त्यामुळे माहेरची खबर कळावी म्हणून मीच कापसाच्या तीन ठिकाणी सदस्य होऊन बसले.

पहिला होता "आपला तालुका" नावाचा ग्रुप. त्याला ॲडमिन इतके होते की कोणीच नव्हता. सकाळी सूर्यफुलाचं चित्र, दुपारी पुढाऱ्याचा वाढदिवस, मध्येच कापसाचा भाव आणि संध्याकाळी भांडण. दुसरा शहरातून चालणारा कपाशी चर्चा मंच. तो चालवणाऱ्या मॅडम कीटकशास्त्राच्या. तिथे शिस्त अशी की प्रश्न विचारायचा तर पिकाचं वय, पानाचा फोटो आणि आधी काय फवारलं ते लिहायचंच. विषयाबाहेरचं एक वाक्य आलं की ते गायब आणि खाली सूचना. उत्तरं मात्र चोख मिळत. आणि तिसरा निसारचाचांचा. नाव साधंच, "कापूस अन् गोष्टी".

चाचांना कापसातलं ओ की ठो कळत नव्हतं. बोंडअळी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती ग्रुपवरच्या फोटोत, आणि "हे तं गुलाबी बर्फीच्या रंगाचं दिसून राह्यलं" असं लिहून गाव हसवलं होतं. तरी सगळ्यांनी मिळून त्यांनाच ॲडमिन केलं. कारण शेतकरी एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. हा या पक्षाचा, तो त्या कृषी केंद्रवाल्याचा मेव्हणा. चाचांचं ना वावर, ना दुकान, ना पक्ष. सगळ्या पक्षांचा प्रचार त्यांनी सारख्याच आवाजात केला होता.

ग्रुप चालवायची त्यांची रीत जगावेगळी होती. कोणाला काढून टाकायचं असेल तर ते त्याच्या घरी जायचे. समोर बसायचे, चहा प्यायचे, काय चुकलं ते सांगायचे आणि त्याच्यादेखत बटण दाबायचे. "पाठीमागून काढाचं म्हंजे दुसऱ्याच्या घरातलं माणूस उचलून नेल्यासारखं झालं. आपन काढून राह्यलो तं तोंड दाखवा लागते." परत यायचं असेल तर त्या माणसाने मारेगावला येऊन त्यांच्या रिक्षापाशी चहा प्यायचा. त्यांचे बहुतेक निकाल चहावरच लागायचे आणि बटण दाबायची वेळ क्वचित यायची.

एकदा बबनभाऊ ठाकऱ्यांनी सरकारी परवानगी नसलेल्या चोरट्या बियाण्यावरून ग्रुपवर कोणाची तरी आई-बहीण काढली. चाचा त्यांच्या घरी गेले. बबनभाऊ आधीच शरमून खाली मान घालून बसले होते. चाचांचं मन विरघळलं, ते माफ करून उठणार तोच आतून बबनभाऊंची बायको आली. म्हणाली, "चाचा, काढाच तुम्ही यायले. जेवतानी मोबाइल, झोपतानी मोबाइल. लेकरू काय म्हन्ते ते ऐकू येत नाही." आता आली पंचाईत. एका बाजूला बबनभाऊ हात जोडून, दुसऱ्या बाजूला वहिनी कमरेवर हात ठेवून. शेवटी चाचांनी असा निवाडा केला की बबनभाऊ ग्रुपमध्ये राहतील, पण जेवताना मोबाइल वहिनींच्या ताब्यात. पुढे बबनभाऊ संध्याकाळी काही लिहायला लागले की लोक विचारायचे, "जेवन झालं का?"

मीच एकदा उत्साहाने चाचांना मॅडमच्या मंचावर सदस्य करून दिलं. चाचांनी तिथे जाऊन पहिलं वाक्य लिहिलं, "सलाम. सगळे खुशाल का?" ते काढलं गेलं. खाली सूचना आली, कृपया विषयाला धरून लिहावे. चाचांनी मला फोन केला. रागावले नव्हते, चक्रावले होते. "सलामालेच काढलं बेटा? मंग आत कसं जाव?" मी समजावून सांगितलं की तिथे हजारो लोक आहेत, प्रत्येकाने सलाम केला तर अळीचा प्रश्न खाली दबून जाईल. तर म्हणाले, "बराबर हाये तिचंही. ती कोनाकोनाच्या घरी जाऊन चहा पेईन?" त्यानंतर ते मंचावर कधी लिहीत नसत, पण रोज वाचत. कामाची सूचना दिसली की फुंकर मारून आपल्या ग्रुपवर मोठ्याने वाचून दाखवत. फवारताना कोणाला गरगरलं तर अंगावरचे कपडे काढा, साबणपाण्याने धुवा, औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या, ही सूचना तर त्यांनी इतक्यांदा वाचली की लोक कंटाळले.

त्यातल्या एका वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारायचं तर पाठीवरच्या पंपाची नळी वर धरावी लागे आणि औषधाचा तुषार पुन्हा आपल्याच तोंडावर येई. फवारणीने माणसं आजारी पडल्याच्या बातम्या जिल्ह्यातून रोज येत. मी प्रवीणला फोन करून सांगे, तोंडाला बांध, दुपारी फवारू नको. तो म्हणे, "हं."

भादव्यातली दुपार होती. मधल्या सुट्टीत मी मोबाइल पाहिला तर "आपला तालुका"वर कोणीतरी लिहिलं होतं, फवारताना माणूस पडला, गाडी पाहिजे. खाली लगेच कोणीतरी उत्तर दिलं होतं, निघालो, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेतो. चला, माणसं कामाला आली, असं म्हणून मी तासावर गेले. तास संपवून पुन्हा पाहिलं तर फोटो आला होता. जीपच्या मागच्या बाकावर डोळे मिटून पडलेला माणूस. छातीवर गमछा. तो प्रवीण होता. आणि फोटोखाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली.

त्याखाली हात जोडलेली चित्रं, फुलं, पणत्या. मी वाचत असतानाच नवीन येत होती. एकाने तर लिहिलं होतं, "मनमिळाऊ आणि सदा हसतमुख." प्रवीण! ज्याला आम्ही घरच्यांनी हसताना पाहिलं ते सणासुदीला. हे वाचून माझ्या मनात क्षणभर आलं की हा दुसराच कोणी असेल, आणि पुढच्याच क्षणी फोटोतला तो गमछा दिसला, मीच दिलेला.

प्रवीणचा फोन बंद. शेजारच्यांचे फोन वाजून वाजून थांबत होते. मंचावर मी वेड्यासारखं लिहिलं, यवतमाळच्या सरकारी दवाखान्याजवळ कोणी आहे का, माझ्या भावाला तिथे नेलंय. ते बघता बघता गायब झालं आणि सूचना आली, कृपया व्यक्तिगत मजकूर टाकू नये. मॅडमचा दोष नव्हता, ती सूचना आपोआप जायची. पण त्या वेळी मला वाटलं, मी दारावर धडका मारतेय आणि आतून कोणी तरी नियम वाचून दाखवतंय.

चाचांचा ग्रुप उघडायला माझा हात होईना. तिथेही तेच लिहिलेलं असेल तर मग ते खरं असेल. शेवटी उघडला. तिथे काहीच नव्हतं. एकही फूल नाही, एकही पणती नाही. ग्रुप बंद केला होता, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. आणि एकच बोललेला निरोप होता. फुंकर, फुंकर. "हलो, हलो. प्रवीनच्या बाबतीत इथं कोनी काही लिहनार नाही. मी यवतमाळले निघून राह्यलो. माह्या डोयानं पाह्यल्यावर सांगीन. त्याच्या गावातल्या बायायले सांगा, त्याच्या मायजवळ जाऊन बसा. पन मोबाइल आपापल्या घरी ठेवून बसा."

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "प्रवीन वावरात गेला. तू काहून फोन केला आत्ता?" मी म्हटलं, "असंच." तिने मग वांग्याचं सांगितलं. यंदा परसातली वांगी कशी चांगली आली, तू आली की भाजून भरीत करू. मी "हो, हो" म्हणत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आज गंज बाया येऊन बसल्या, सारी ओसरी भरली. काय काम काढलं यायनं, मालूम नाही." मी फोन ठेवला आणि शाळेच्या भिंतीला टेकून खाली बसले.

मुख्याध्यापिकेने मला रिक्षात घालून बसस्टँडला पाठवलं. तिथे गाडीची वाट पाहताना "आपला तालुका"वर अंत्यविधीची वेळसुद्धा आली. उद्या सकाळी. कोणी ठरवली देव जाणे. मी चाचांचा ग्रुप उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. तिथलं ते काही नसणं, एवढाच मला आधार होता.

ऊन कललं तेव्हा माझा फोन वाजला. चाचा. "बेटा, घे, बोल," एवढंच म्हणाले आणि फोन कोणाच्या तरी हातात गेला. जड, जीभ लोळत असलेला आवाज आला, "ताई... पंप वावरातच राह्यला. कोनाले तरी आनाले सांग."

मी त्या बसस्टँडवर मोठ्याने रडले. शेजारच्या बाईने पदराने माझं तोंड पुसलं, ओळख ना पाळख. माझा भाऊ जिवंत होता आणि पंपाची काळजी करत होता. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं, त्यानंतरही झालेलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, औषधाची बाटली सोबत आणली म्हणून इलाज लवकर सुरू करता आला. जीपवाल्याने बाटली उचलली होती, कारण चाचांची ती वाचून वाचून शिळी झालेली सूचना त्याच्या कानात बसली होती. सूचना मॅडमच्या मंचावरची. आणि जीप आली ती "आपला तालुका"मुळे. ज्या ग्रुपने माझ्या भावाला दुपारी मारलं त्यानेच त्याला गाडी पाठवली होती, हे मी विसरायचं ठरवलं तरी चाचा विसरू देत नसत. मॅडमना मी नंतर पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांनी माफी मागितली आणि मंचावर विषबाधेसाठी वेगळी जागा उघडली. तिथे विषयाची अट नव्हती.

चाचांच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी एवढंच आलं, "प्रवीनले पाह्यलं. बोलून राह्यला. बाकी त्याले वाटन तं तो सांगन." लोकांनी फोटो मागितला. चाचा म्हणाले, प्रवीण नाही म्हणतो. विषय संपला.

प्रवीण बरा होऊन घरी आला तेव्हा चाचांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि श्रद्धांजली लिहिणाऱ्या गृहस्थाच्या घरी नेलं. तो ग्रुप काही चाचांचा नव्हता, पण त्यांना राहवेना. दार उघडून गृहस्थाने प्रवीणला पाहिलं आणि त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं म्हणतात. चाचा म्हणाले, "भाऊ, मयत आली तुमच्या घरी. चहा पाजता का?" भांडण झालं नाही. चहा झाला, पोहे झाले. निघताना प्रवीणने एकच विचारलं, "मनमिळाऊ कोनं लिहलतं?"

चाचा आता मुलाकडे नागपूरला राहतात. जाण्याआधी त्यांनी ग्रुप बंद करून टाकला. लोकांनी विनवलं, तिथूनही चालवता येतो. चाचा म्हणाले, "तथून कोनाच्या घरी जाता येईन?" निरोप घ्यायला ते आमच्या घरी आले तेव्हा मी सुट्टीला आले होते. ओसरीत आम्ही सगळे बसलो होतो. मी त्यांना विचारलं, "चाचा, त्या दिवशी तुम्हाले इतकं पक्कं कसं वाटलं, का प्रवीन जित्ता हाये म्हणून?"

"मले कुठं पक्कं होतं?" चाचा म्हणाले. "मी तं गेलाच समजून निघालतो. पूरा रस्ता या भाभीले, तुह्या मायले, कसं सांगाव तेच जमवत गेलतो. ग्रुप बंद केला तो भाभीसाठी. अशी खबर तिले मोबाइलवरून कळाले नाही पाह्यजे, मी समोर बसून सांगनार होतो. वापस येताना इथं याच ओसरीत आलो, अन् मले काही सुचेना. वाईट सांगाची तयारी केलती, चांगलं सांगाची कुठं केलती! म्हनलं, भाभी, चहा टाका."

आई सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले समजलं होतं, निसारभाऊ."

"काय समजलं होतं?"

"या समद्या बाया माह्या ओसरीत बसल्या अन् एकीच्याही हातात मोबाइल नाही. असं कधी झालं का? तवाच समजली मी, काहीतरी मोठं झालं."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. प्रवीणसुद्धा हसला. माझं मात्र हसू अर्ध्यावर थांबलं. मी म्हटलं, "आई, मंग मी फोन केला तेव्हा तू वांग्याचं काय सांगत होती?"

"तू तिकडं एकटी होती," आई म्हणाली. "तुह्याजवळ कोन होतं बसाले?"

तिने सूप बाजूला ठेवलं आणि चाचांकडे पाहिलं. "बाया होत्या म्हनून मी निभली, निसारभाऊ. कोनी काही बोलली नाही, पन उठून एकही गेली नाही."